बुवांची कुंडी

कामावर गेल्या गेल्या मी आधी दिगंबर बुवांची कुंडी बघायचे, मग चहा.

कुंडी म्हणजे पोस्टाच्या तिकिटाएवढी काचेची पट्टी. तिच्यात केसाहून बारीक वाटा कोरलेल्या, आणि त्या वाटांमध्ये बुवांची अस्थिमज्जा, म्हणजे हाडाच्या पोकळीतला रक्त तयार करणारा गर, जिवंत ठेवलेला. बुवा तिकडे कोंडुरेवाडीत ओटीवर खुर्ची टाकून बसलेले असायचे आणि त्यांच्या हाडातला चिमूटभर ऐवज इथे कुडाळच्या रुग्णालयात माझ्या टेबलावर. कंपनीने या पट्टीला दिलेलं नाव एका दमात म्हणता येत नाही. कुंडी हे नाव आमचं. रोज तिच्यात औषध सोडायचं, पेशी काय करतात ते सूक्ष्मदर्शकातून बघायचं आणि त्यावरून रुग्णाची उद्याची पुडी किती ताकदीची हवी ते ठरवायचं. हे माझं काम. मी फार्मासिस्ट. माझ्या सासूबाई अजून लोकांना सांगतात की सून मेडिकलच्या दुकानात असते, आणि मी दुरुस्त करायचं सोडून दिलं आहे.

बुवा माझे सख्खे मामा. वडील गेल्यावर आई मला घेऊन माहेरी आली, तेव्हापासून मी त्यांच्याच घरात वाढले. सिंधुदुर्गात डबलबारीचा, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याचा, नाद असलेल्या कुणालाही विचारा. दिगंबर राऊळ बुवांनी गजर उचलला की समोरची पार्टी पेटी मिटायची, असं लोक सांगतात. मामा म्हणतात, "एकदाच मिटलेली. ती पण तेंच्या पेटीचो भातो फाटलो म्हणान."

नातेवाइकाची पुडी स्वतः करू नये असा आमच्यात नियम आहे. मी तो डॉ. नाझनीन खतीब यांच्यापुढे ठेवला. त्या आमच्या रक्तविकारांच्या डॉक्टर. कामात कडक, बोलण्यात त्याहून कडक.

"शर्वरी, या जिल्ह्यात कोण कुणाचं कोणीच लागत नाही ते दाखव, मग नियम पाळू," त्या म्हणाल्या. "आणि दुसरी फार्मासिस्ट बाळंतपणाला गेली आहे. मामांची पुडी काय तुझ्या सासूबाई करणार?"

मामांना झाला होता अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया. रक्ताचा कर्करोग, तोही घाईचा. त्यांना तो समजावून सांगायचं माझ्यावर आलं, कारण डॉक्टरांनी शुद्ध मराठीत सांगितलेलं मामांनी मान डोलावून ऐकलं होतं आणि बाहेर येऊन मला विचारलं होतं, "काय म्हणाली गो ती?"

मी त्यांना माझ्या खोलीत नेलं आणि त्यांच्याच भाषेत सांगितलं. हाडाच्या आत रोज अब्जावधी पेशी जन्माला येतात. तेव्हा त्या बाळं असतात. मग वाढतात, शहाण्या होतात. काही तांबड्या, काही पांढऱ्या. पांढऱ्या पेशी रक्तात उतरतात, जंतू दिसला की त्याला गिळतात, आणि थोड्याच वेळात मरून जातात. या आजारात एक जनुक बिघडतं आणि त्या बाळांच्या वाढीलाच कुलूप बसतं. ती मोठी होत नाहीत, मरत नाहीत, नुसती एकाची दोन आणि दोनाची चार होत राहतात. हाडातली सगळी जागा तीच अडवतात. कामाच्या पेशींना तिथे थारा उरत नाही.

"म्हणजे ही पोरां मोठी व्हवकच तयार नाय," मामा म्हणाले.

"तयार आसत, मामानू. दार बंद आसा."

"मगे आदी काय करीत?"

"सगळ्यांका मारीत. वायटांका मारताना चांगली पण मरत."

"आणि तुजा औषध?"

"कुलूप काढता."

मामांनी हवेत किल्ली फिरवल्यासारखा हात फिरवला. मग म्हणाले, "म्हणजे मारूचा नाय. मोठा करूचा."

मी कॉलेजात या औषधावर चार पुस्तकं वाचली होती. एकातही ते इतकं सोपं लिहिलेलं नव्हतं.

त्यांना कुंडी बघायची होती. मी सूक्ष्मदर्शक त्यांच्या उंचीला आणला. त्यांनी डोळा लावला, आणि तसाच लावून ठेवत दुसऱ्या हाताने डोक्यावरची टोपी काढली. देवाच्या पायांवर डोकं ठेवताना काढतात तशी.

"ही माजी?"

"तुमचीच."

"किती गप आसत गो," ते म्हणाले. सगळ्या गोल, फुगलेल्या, एकसारख्या पेशी. आत एकेकच मोठं वाटोळं केंद्रक. मी अशा कुंड्या शेकड्यांनी पाहिल्या होत्या, पण त्या दिवशी मामांच्या खांद्यावरून बघताना मलाही त्या झोपलेल्या पोरांसारख्या वाटल्या. भीती वाटायच्या ऐवजी माया वाटली, आणि स्वतःचाच राग आला.

औषधाचं माप काढणारं यंत्र खोलीच्या कोपऱ्यात असतं. त्याला आम्ही मापारी म्हणतो. कुंडीतल्या पेशी, रुग्णाच्या दंडावर चिकटवलेल्या टिकलीकडून येणारे रक्ताचे आकडे, वजन, ताप, खाणंपिणं, सगळं त्याला घालायचं. तो पुडी सांगतो, दुसरं यंत्र ती बनवतं, आणि थंड डब्यातून ती सकाळच्या एसटीने ड्रायव्हरच्या शेजारच्या कप्प्यात बसून गावाला जाते. रेणू बांधणारी यंत्रं आली तरी कोंडुरेवाडीला जायला एसटीच.

मापारी हुशार आहे, पण त्याला सांगाल तेवढंच त्याला कळतं. म्हणून माझी एक पद्धत आहे. नव्या रुग्णाला मी सांगते, घरात तोंडात जाणारं जे जे काही औषधपाणी आहे ते पिशवीत भरून आणा आणि माझ्या टेबलावर ओता. माणसं "काही घेत नाही हो" म्हणतात आणि पिशवीतून काढे, भस्मं, मुळ्या, शेजारणीच्या गुडघ्याच्या गोळ्या बाहेर पडतात. मामीने पिशवी ओतली तेव्हा तीतून सुंठ, त्रिफळा चूर्ण, घसा मोकळा करायच्या ज्येष्ठमधाच्या कांड्या आणि तंबाखूची एक चपटी डबी निघाली. डबी बघून मामी मामांकडे आणि मामा छताकडे बघू लागले.

मग मी नियम सांगितले. गर्दीत जायचं नाही. बाहेरचं खायचं नाही. फळ असलं तर जाड सालीचं, उकळत्या पाण्यात धुऊन, घरीच सोललेलं. "आणि तोरिंजन अजिबात नाय."

तोरिंजन म्हणजे पपनस. आमच्या वाडीत घरटी एक झाड आहे. मामीला कारण हवं होतं, म्हणून तेही सांगितलं. आपल्या आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात एक एन्झाइम असतं. पोटात आलेलं बरंचसं औषध ते रक्तात शिरायच्या आधीच मोडून टाकतं, जकातनाक्यावर माल उतरवून घ्यावा तसं. मापारी ही तूट धरूनच पुडी करतो. पण तोरिंजनातला एक अंश त्या एन्झाइमला लुळं करून टाकतो. शरीर नवं एन्झाइम बनवेपर्यंत एखाददोन दिवस नाका उघडाच. तेवढ्यात खाल्लेली पुडी अंगात दुप्पट-तिप्पट होऊन बसते.

"तोरिंजन आमच्या घरात येवचा नाय," मामी म्हणाली. आणि मामी शब्दाची पक्की. त्या वर्षी चतुर्थीला गणपतीवर टांगतात ती फळापानांची माटवी बांधताना तिने नारळाची पेंड बांधली, सुपारीचे घोस बांधले, कांगण्या, कवंडळं, आंब्याचे टाळ, सगळं बांधलं, पण तोरिंजन बांधलं नाही. राऊळांच्या माटवीला तोरिंजन नाही असं आजवर कधी झालं नव्हतं.

त्याआधीच, श्रावणात, कुंडीत हालचाल सुरू झाली होती. फार हळू. एखाद्या पेशीचं वाटोळं केंद्रक एका बाजूने खचायचं, मग त्याला कंगोरे पडायचे, आणि काही दिवसांनी ते गाठी मारलेल्या दोरीसारखं दिसायचं. ती पूर्ण वाढलेल्या पांढऱ्या पेशीची खूण. पहिली अशी पेशी दिसली त्या सकाळी मी चहा प्यायचीच विसरले. एक पेशी मोठी झाली होती! मी मामांना फोन करून सांगितलं तर ते म्हणाले, "एकच? बरा, सुरवात तरी झाली. कोरसात एकान सूर धरल्यार बाकीचे येतत."

गणपतीत मामांना घराबाहेर पडायची बंदी होती. चाळीसेक वर्षांत पहिल्यांदा वाडीतली भजनं त्यांच्याविना झाली. ते ओटीवर बसून लांबून ऐकायचे आणि कोण कुठे चुकला ते मला फोनवर सांगायचे. मला त्या दिवसांत त्यांची दयाच यायची. काळजी मात्र वाटत नव्हती, कारण कुंडी शांतपणे पुढे चालली होती.

गौरी जेवल्या त्या दिवशी सकाळी टिकलीने बोंब मारली. ताप. पांढऱ्या पेशींचा आकडा कितीतरी पटींनी वर. रक्तातला प्राणवायू खाली. रुग्णवाहिका मामांना घेऊन आली तेव्हा त्यांना वाक्य पुरं करता येत नव्हतं. ज्या माणसाने एका श्वासात अख्खा गजर ओढलेला मी ऐकलाय, तो मला "बाय" अशी हाक मारून थांबला आणि पुढचा शब्द त्याला मिळेना.

छातीच्या फोटोत फुफ्फुसं पांढरी दिसत होती. मापारीच्या पडद्यावर तांबडी ओळ आली: औषध निष्प्रभ. आजार निसटला. पर्यायी उपचार सुरू करावेत.

पर्यायी उपचार म्हणजे जुनी जहाल केमोथेरपी. सगळ्यांना मारणारी.

"या फुफ्फुसांवर ती द्यायची?" मी विचारलं.

"नाही दिली तर आजार नेईल," डॉ. खतीब म्हणाल्या. "दिली तर बहुधा ती नेईल. बहुधा आणि नक्की यात मी बहुधा निवडते. संध्याकाळपर्यंत थांबते, त्यापुढे नाही."

मी म्हटलं, पेशी एकदम वाढल्या असतील तर? या औषधाने कधी कधी कुलपं एकदमच उघडतात. सगळी पोरं एका दिवशी मोठी होतात आणि लोंढ्याने फुफ्फुसात शिरतात. ताप येतो, दम लागतो, आकडा चढतो. दिसायला हुबेहूब आजार उलटल्यासारखं. आणि त्यावरचा उपाय अगदी वेगळा: पुडी थांबवायची, स्टिरॉइड द्यायचं, वाट बघायची.

"तुझ्या आधी माझ्या मनात ते आलं," त्या म्हणाल्या. "काचेवर रक्त पसरून बघितलं. पेशी अर्धवट आहेत. ना बाळ, ना मोठी. आजार रूप बदलतो तेव्हाही अशाच दिसतात. पण शर्वरी, एवढ्याशा पुडीने लोंढा येत नाही. तुझी कुंडी काय म्हणते?"

कुंडी काही म्हणत नव्हती. तिच्यात मोजक्याच पेशी मोठ्या झालेल्या, बाकीच्या निवांत. एकाच माणसाची मज्जा टेबलावर शांत आणि अंगात बेफाम, हे कसं?

मी मामीला कोपऱ्यात घेतलं. दोन पुड्या एकदम घेतल्या का? नाही. कसला काढा? नाही. तंबाखू? "डबी मी परसात पुरलंय." तोरिंजन? मामी दुखावली. "घरात येवक दिलंय नाय म्हणान सांगलंय मगो तुका. चतुर्थेक माटवेक सुद्दा बांधूक नाय."

खोटं बोलणारी बाई नव्हे ती. मी पिशवी मागितली, तीही रिकामी होती.

रुग्णालयाच्या दर्शनी भागात दरवर्षी आमचा गणपती बसतो. तिथून जात होते तर आरती नुकतीच संपली होती. पुजाऱ्याने ताट पुढे केलं, मी चालता चालता हात पसरला, मिळालं ते कपाळाला लावून तोंडात टाकलं. समोरून डॉ. खतीब आल्या.

"काही खाल्लंस का?"

"कुठलं? सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही," मी म्हणाले. आणि म्हणता म्हणता जिभेला आंबट, मागाहून थोडं कडसर लागलं.

मी तोरिंजनाची फोड चघळत होते.

मी खोटं बोलत नव्हते. देवाशपथ, मी काही खाल्लेलं नव्हतं. प्रसाद काय खाणं असतं? उपासाला चालतो तो. पोट भरलेलं असलं तरी घेतात. फार्मसीतली पदवी, दहा वर्षांचा अनुभव, हजार पिशव्या ओतलेल्या, आणि माझ्या डोक्यातही खाणं एका कप्प्यात होतं आणि प्रसाद दुसऱ्या. मग मामीच्या डोक्यात का नसावा?

मी जवळजवळ धावतच मामीकडे गेले. "मामी, मामानी प्रसाद खाल्ल्यानी?"

"म्हणजे? चतुर्थेक प्रसाद खावचो नाय?" मामीला प्रश्नच कळेना.

"कसलो प्रसाद? फळांचो?"

मग ते सगळं बाहेर आलं. दरवर्षी बुवा घरोघरी जाऊन भजन करायचे. यंदा येऊ शकत नाहीत म्हणून वाडीतलं प्रत्येक घर त्यांच्यासाठी प्रसाद पाठवत होतं. रोज. भजन झालं की कुणीतरी वाटी घेऊन ओटीखाली उभं. गर्दी नको म्हणून वर कुणी चढायचं नाही, वाटी पायरीवर ठेवायची आणि लांबून हात जोडायचे. आणि आमच्या वाडीत प्रसादाच्या वाटीत खोबरं, गूळ, केळं आणि तोरिंजनाची फोड असतेच. मामी फोड उकळत्या पाण्यातून काढून, तिच्यावरची पांढरी त्वचा सोलून द्यायची. नियम म्हणजे नियम.

"सगळ्यांचो खाल्ल्यानी?"

"एका घरचो खाल्लो नि दुसऱ्या घरचो टाकलो, असा कसा करतले ते? तेंका पोट नसला तरी एक एक फोड खायत. घराचा नाव घेयत आणि खायत." मामी माझ्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला. "बाय गो... म्हणजे वाडीन..."

"नाय मामी. कोणी काय केला नाय." मी तिचे हात धरले. मला रडू येत होतं आणि रागही, आणि त्या दोन्हींखाली काहीतरी थक्क करणारं होतं. सबंध वाडीने त्या माणसावर इतकं प्रेम केलं होतं की ते त्याच्या रक्तात मोजता आलं असतं.

पण मोजायला वेळ नव्हता. रक्तातलं औषध मोजणारी तपासणी पुण्यात होते. नमुना जाऊन उत्तर येईपर्यंत मामा राहिले नसते.

"पुरावा?" डॉ. खतीब यांनी विचारलं. अपेक्षितच होतं.

"कुंडीला आतडं नाही, यकृत नाही," मी म्हणाले. "तिला प्रसाद कुणी दिला नाही. मापारीने सांगितलं तेवढंच औषध मी तिला देत राहिले. मामांच्या अंगात गेलं असेल तेवढं आत्ता देते. तिप्पट. तरीही ह्या पेशी हलल्या नाहीत, तर आजार निसटला असं मानू."

अंगात ज्याला आठवडा लागतो ते कुंडीत काही तासांत होतं, कारण तिथे औषध थेट पेशीला भिडतं. मी थेंब सोडला आणि आम्ही दोघी पडद्यासमोर बसलो. दुपारभर काही झालं नाही. डॉ. खतीब दोनदा उठून मामांना बघून आल्या. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांनी प्राणवायूचा आकडा मला सांगितला नाही, आणि मी विचारला नाही.

मग एका वाटेच्या तोंडाशी एक केंद्रक खचलं.

त्याच्या शेजारचं खचलं. मग त्याच्या पलीकडचं. जिथे श्रावणभरात मोजक्याच पेशी मोठ्या झाल्या होत्या तिथे आता ओळीच्या ओळी कूस बदलत होत्या. वाटोळी केंद्रकं लांबत होती, मुरडत होती, त्यांना गाठी पडत होत्या. फुगलेल्या गप्प पेशी बारीक होऊन, हातपाय फुटल्यासारख्या भिंतींवरून सरकू लागल्या. त्या काहीतरी शोधत होत्या. जन्मात एकदाही जंतू न पाहिलेल्या त्या पेशी जंतूच शोधत होत्या! कुणी शिकवलं त्यांना? कुणीच नाही. ते सगळं त्यांच्या आत पहिल्यापासून होतं, कुलपामागे, सबंध. आम्ही फक्त किल्ली फिरवली होती. मी या धंद्यात आहे, मला यातलं प्रत्येक पाऊल नावानिशी माहीत आहे, आणि तरी माझ्या अंगावर काटा आला. जगात इतकं काही चाललेलं असतं आणि आपण चहाची वेळ बघत असतो.

"या अल्लाह," डॉ. खतीब हलकेच म्हणाल्या.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "हे कुंडीत झालं. अंगातही हेच झालंय असं तू म्हणतेस. चुकलीस आणि आत जंतू असले, तर स्टिरॉइड त्यांना रान मोकळं करून देईल. हे भाची म्हणून सांगतेस की फार्मासिस्ट म्हणून?"

"फार्मासिस्ट म्हणून," मी म्हणाले. "भाची बाहेर मामीजवळ बसली आहे आणि लटलट कापते आहे."

त्यांनी केमोथेरपी रद्द केली. पुडी बंद, स्टिरॉइड सुरू, जंतूंसाठी अँटिबायोटिक सोबतीला. मापारीने तांबडी ओळ पुन्हा दाखवली. मी त्याला खाण्याच्या रकान्यात तोरिंजन घातलं. ओळ गेली.

दुसऱ्या दिवशी ताप उतरणीला लागला. तिसऱ्या दिवशी मामांनी माझ्याकडे पेज मागितली आणि ती आळणी आहे म्हणून तक्रार केली. तेव्हा मी स्वच्छतागृहात जाऊन पोटभर रडले. नंतर पुडी पुन्हा सुरू झाली, योग्य मापाची, आणि थंडी पडेपर्यंत हाडातली सगळी आडमुठी पोरं एकेक करून मोठी झाली.

एक भानगड उरली होती. "वाडयेत सांगू नको," मामा म्हणाले. "तेंका लागात." मी म्हटलं, सांगायलाच हवं, हृदयाच्या आणि रक्तदाबाच्याही कितीतरी गोळ्या हाच नाका ओलांडतात. शेवटी त्यांनीच ते काम केलं. बरे झाल्यावरच्या पहिल्या भजनात, अभंग संपून गजर सुरू व्हायच्या मध्ये, पेटीवर हात ठेवून ते म्हणाले, "मंडळीनू, तुमचा प्रेम माका जास्त झाला. भाचीन मोजून सांगलान. आता चतुर्थेक माका फूल द्या. फूल खावचा नसता." लोक हसले. आणि तरी महिन्याभरात तोरिंजनाने कॅन्सर बरा होतो असा निरोप जिल्हाभर फोनाफोनी फिरला. मला त्यावरून अजून फोन येतात, आणि मी अजून शिव्या घालते. हल्ली पिशवी ओतून झाली की मी प्रत्येकाला वेगळं विचारते: प्रसाद कसला घेता?

पुढल्या वर्षी चतुर्थीच्या तोंडावर मामांचा फोन आला. शेजारच्या माटवीसाठी तोरिंजन काढायला त्यांनी झाडावर हात घातला होता. "खावचा नाय म्हणान काढूचा पण नाय काय?" ते म्हणाले. काटा बोटात शिरला होता. बोट सुजलं होतं आणि ठणकत होतं.

वर्षापूर्वी असा एक काटा त्यांना पुरला असता. तेव्हा त्यांच्या रक्तात जंतूशी लढणारं कुणी नव्हतं. अशा माणसाला जखम झाली तर ती पिकतसुद्धा नाही. जंतू सरळ आत जातात. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता या.

मामी त्यांना घेऊन आली. मी फडकं सोडलं. बोटाच्या टोकाशी, काट्याच्या तोंडाला, पिवळा टपोरा पू धरला होता.

मी त्या बोटाकडे बघत राहिले आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येऊ लागलं.

"अगो, पू बगून रडतत?" मामी घाबरली. "वायट आसा काय?"

मी मान हलवली. बोट साफ केलं, काटा काढला, औषध लावून पट्टी बांधली. पुवाचा थेंब काचेवर घेतला, आणि बिघडलेलं जनुक असेल तिथे हिरवं चमकणारा रंग त्यात सोडला. मग सूक्ष्मदर्शक मामांच्या उंचीला आणला.

त्यांनी डोळा लावला. काचेवर असंख्य पेशी पडलेल्या होत्या. केंद्रकं गाठी मारलेल्या दोरीसारखी, पोटात गिळलेले जंतू. सगळ्या मेलेल्या. आणि त्यांतल्या पुष्कळशा आतून हिरव्या उजळलेल्या.

"ही माजी?"

"तुमचीच. हिरवी दिसतत ती गेल्या वर्साची. जी तुमका मारीत होती, तेंच्याच वंशातली. खोट अजून तीच आसा तेंच्यात, पुडी नुसता कुलूप उगडा ठेवता. पण काटो लागलो तेवा हीच धावली."

"आणि मेली?"

"होय, मामानू. जंतू अडवून मेली. तेंचा काम ताच."

मामा कितीतरी वेळ बघत होते. पट्टी बांधलेला हात टेबलावर होता. दुसऱ्या हाताने त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि छातीशी धरली.

"मोठी झाली गो पोरां," ते म्हणाले.